सूप

पेपरात आलंय : अधिवेशनाचं सूप वाजलं.
मी ते मोठ्यानं वाचतो, बुरुड गल्लीत,
हौसाक्काच्या पायरीवर बसून.
बांबूच्या कांबीला सुरी लावत ती विचारते,
‘कुणाचं सूप म्हनं? माझ्याकडनं तर कुणी न्हेलं न्हाई.’

एकतीस वर्षं मी सभागृहात प्रतिवेदक होतो.
दहा मिनिटं लिहायचं, उठायचं, पुढच्याला खुर्ची द्यायची.
भाषणं त्यांची. कंस माझे :
(अडथळा.) (गोंधळ.) (सदस्य हौद्यात उतरतात.)
मग अध्यक्ष उभे राहत
आणि माझ्या पेन्सिलीला आधीच कळायचं.
तहकूब. पंधरा मिनिटं.
पुन्हा तहकूब, अर्धा तास.
मग उद्या सकाळी अकरापर्यंत.

तहकुबीत एक बरं असतं,
विषय जागच्या जागी राहतो,
चपला दारात काढून आत गेलेल्या पाहुण्यासारखा.
संस्थगित म्हणजे निराळं.
राज्यपालांचा दोन ओळींचा आदेश, राष्ट्रगीत,
आणि यादीत उरलेल्या सूचना
कुणी न खोडता खोडल्या जातात.

हे हौसाक्काला कसं सांगायचं?
तीच मला सांगते :
‘पाखडून झालं की पाठीवर थाप मारायची,
फटीतला कोंडा झडतो.
सुपानं वाजायचं ते शेवटाला. तवर दानं बोलत्यात.
तुमच्या सभंत किती निघालं? पायली? का निसता कोंडाच?’

मी हसतो.
आणि एक पान आठवतं.
मार्च महिना, शेवटचा दिवस,
अर्धा तास चर्चा, अनुक्रमांक सतरा :
‘बुरूड कारागिरांना सवलतीच्या दरात बांबू, जिल्हा कोल्हापूर.’
सोळाव्यावरच गदारोळ झाला.
(सभागृहाची बैठक चार वाजून दहा मिनिटांनी संपली.)
तो पूर्णविराम माझ्या हातचा,
आणि जरा घाईतला.
रात्रीच्या महालक्ष्मीचं तिकीट होतं खिशात,
गावी येत होतो.

‘बांबू लई म्हाग झालाय,’ ती म्हणते.
मला नाही, कांबीला.

एक सूप विकत घेतो. घासाघीस करत नाही,
त्याचा तिला संशय येतो, दोनदा नोट उजेडात धरते.
बिंदू चौकाच्या दिशेनं चालताना
बोटं आपोआप सुपाच्या पाठीवर जातात.
मागून हौसाक्का ओरडते :
‘अवो, रिकामं वाजवू नगासा!
घरात भांडनं लागत्यात.’