चोवीस तासांनंतर

शिवाजीनगरच्या शेतकी कॉलेजात, मागच्या हरितगृहात,
सुई काढलेली सिरिंज पानाच्या पाठीला टेकवून
काल मी तेच जिवाणू टोमॅटोच्या दोन्ही कुंड्यांना दिले.
पान तेवढ्यापुरतं ओलं, गडद झालं
आणि पुन्हा पानासारखं दिसू लागलं.

आज झाडायला आलेल्या हौसाबाई थबकल्या.
"मॅडम, डावीकडचं गेलं वाटतं."
खरंच, आठ आण्याएवढा डाग,
पापडासारखा वाळलेला,
कड कुणी आखून दिल्यासारखी.

म्हटलं, ते वाचलंय.
आत कोण शिरलंय ते ओळखून
तिथल्या पेशी रात्रीतच मरून गेल्या, आपापल्या जागी.
पाहुण्याला खायला काही उरू नये.
वरच्या पानांनाही निरोप पोचला असेल एव्हाना.

"आणि हे?"
उजवीकडचं हिरवंगार, तुकतुकीत.
याला अजून कळलेलंच नाही.
शुक्रवारपर्यंत ठिपके, मग पिवळेपणा, मग देठ.

हौसाबाई काही बोलल्या नाहीत.
केरसुणी काखेत धरून
त्यांनी उजवीकडच्या कुंडीत
तांब्याभर जास्तच पाणी ओतलं.

मी वहीत तारीख लिहिली, डागाचा व्यास लिहिला.
ते पाणी नोंदवलं नाही.