फुटीचा रकाना

पहिल्या गाडीचं बळ सांगताना
शोरूमच्या सुयोगचा आवाज चढला :
दीड टन, मामा. डोळे झाकून दीड टन.
मी म्हटलं, अंड्यांना वजन नसतं, पोरा,
अंड्यांना भीती असते.

तो हसला. चहा मागवला.
कुपवाड रोडवरच्या त्या थंडगार काचेच्या खोलीत
जैबून खुर्चीच्या कडेला टेकली होती.
पूर्ण बसत नाही ती कुठंच, सतरा वर्षं झाली.
जुन्या गाडीनं शिकवलेलं बसणं ते :
अर्धं अंग हवेत, एक हात दांडीला,
पुढचा खड्डा आधीच ओळखून.

पहाटे तीनला विट्याहून निघायचं,
उजाडताना सांगलीच्या बेकऱ्या, गाडे, खानावळी.
मागं पाटे कुरकुरत, वर ट्रेची चळत,
आणि माल उतरला की जैबूनच्या मांडीवर वही.
तारीख, गिऱ्हाईक, नग, जमा,
शेवटचा रकाना फुटीचा.
आज बावीस. आज नऊ.
तासगावात रस्ता उकरला त्या आठवड्यात
रोज दोन ट्रे.
तडकलेली निम्म्या दरानं बेकरीला,
अगदीच गेलेली आमच्या तव्यावर.
तिच्या कमरेत काय तडकत होतं ते मात्र
मिरजेच्या डॉक्टरनं फोटो उजेडाला धरेपर्यंत
कुठल्याच रकान्यात नव्हतं.
गाडी बदला, म्हणाला,
नाहीतर शेजारी बसणारं माणूस बदला.

म्हणून आलो, सोबत एक ट्रे घेऊन. तीस नग.

पहिली गाडी माधवनगरच्या फाटकापर्यंतच गेली.
रुळांवर माझेच दात वाजले.
सुयोग म्हणाला, रिकामी आहे म्हणून उडते, मामा,
माल भरला की गपगार बसते.
अरे, पण परत जाताना आम्ही रिकामेच असतो,
निम्मं आयुष्य मोकळ्या ट्रेसोबतच जातं,
त्या निम्म्याचं काय?
यावर त्याच्या कागदात काही छापलेलं नव्हतं.

दुसरी दिसायला नवरदेव.
पडदा बोटानं चालायचा, थंड हवा, गाणी.
बुधगावच्या वेशीत रंग उडालेला गतिरोधक आला
आणि नवरदेवानं आम्हाला छताला नेऊन भेटवलं.
जैबून काहीच बोलली नाही.
फक्त ओढणीनं बोटं पुसली. चार फुटली होती.

तिसरी कुणी दाखवतच नव्हतं.
कोपऱ्यात होती, राखाडी, नाव सांगण्यासारखं नाही,
हप्ता थोडा जास्त, वजन थोडं कमी.
ही आपल्याकडं फार खपत नाही, मामा,
लोक ताकद बघतात.
मी चावी मागितली.

फाटक गेलं. रूळ खालून गेले,
दारावर ओळखीच्या माणसानं टकटक करावं तसे.
बुधगावचा गतिरोधक आला, मी मुद्दाम दाबली नाही ब्रेक,
गाडी वर गेली, खाली आली,
आणि आली तिथंच थांबली.
दुसरी उडी नाही, तिसरी नाही.
सुयोग मध्ये बसून मायलेज सांगत होता,
सर्व्हिस, वॉरंटी, पासिंग,
आणि मी पलीकडे पाहिलं.

दांडीवरचा हात सुटला होता.
पाठ सीटला लागली होती, सगळी.
कपाळ काचेला टेकलेलं,
काच लागत होती पण आपटत नव्हती.
तोंड थोडं उघडं.
दुपारचे साडेबारा, उन्हात, परक्या गाडीत,
माझ्या शेजारी सतरा वर्षं जागी बसलेली बाई
झोपली होती.

वळायचं ठिकाण आलं. मी वळलो नाही.
कवलापूर मागं पडलं.
मामा, सुयोग हळूच म्हणाला,
ट्रायल पाचच किलोमीटरची असते.
मी ओठांवर बोट ठेवलं.
पोरगं शहाणं. गप्प बसलं.
मग त्यानंच हात लांब करून
हॉर्नवरचा माझा अंगठा बाजूला केला,
पुढं म्हशी होत्या.
थांबलो आम्ही. घाई कुणाला होती?

शोरूमच्या दारात ती दचकून उठली,
आलं का इटं, म्हणाली, आणि लाजली,
मग खाली उतरून आधी ट्रे पाहिला,
पिशवीतून वही काढली, तारीख घातली.
फूट : एक.

ते एक कशानं फुटलं
यावर आमचा अजून वाद आहे.