निरोप

मस्कतमध्ये ऑगस्टात पहाटे चारलासुद्धा
दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते.
आत, अझैबाच्या क्लिनिकात, ऊबपेटी सदतीसवर.
बशीत तेलाखाली थेंब, थेंबात एकच पेशी:
रय्या बिन्त खमीसचं बीज. परवा फळलेलं,
आणि अजून एकटंच.

दोन व्हायला हवं होतं.
तिसऱ्या खेपेलाही झालं नाही.

अंड्यात आईचे निरोप असतात, आधीच लिहून ठेवलेले.
प्रत्येकाला एक शेपूट, अ अ अ अ अ अ,
पाटीवर पहिलंच अक्षर गिरवत बसलेल्या पोरासारखं.
शेपूट लांब, तोवर निरोपाला मान.
पेशी तो वाचते, परत वाचते, त्याबरहुकूम प्रथिनं घडवते.
मग एक विकर येतं, सावकाश, घाई नसल्यासारखं.
टोकाकडून एक अ. मग अजून एक.
मजकुराला हातही लावत नाही.
शेपूट सरलं की निरोपाचं कोणी ऐकत नाही;
तो आपोआप उसवत जातो.

आपण म्हणतो, हत्ती गेला नि शेपूट राहिलं.
इथे शेपूट आधी जातं,
मग हत्ती.

आईचं बोलणं असं ओसरलं
की तिसऱ्या दिवशी, चार-आठ पेशींचं झाल्यावर,
ते इवलंसं काहीतरी
स्वतःचे निरोप लिहायला घेतं.

रय्याच्या बिजात विकर आहे.
त्याला हाताला धरून शेपटापाशी नेणारं
एक लहानसं प्रथिन नाही.
आईकडून आलेल्या प्रतीत आणि बापाकडून आलेल्या प्रतीत
त्याच जागी तेच अक्षर चुकलंय.

डॉक्टर रिपोर्ट वाचत होते, मी शेजारी उभी.
इब्राहून दोन तास गाडी हाकत आलेली रय्या म्हणाली,
"म्हणजे माझं अंडं काहीच विसरत नाही?"
मी म्हटलं, तसंच काहीसं.
ती हसली. "मग हे माझ्या आईवर गेलं."
बाहेर तिची आई कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन
रिसेप्शनवरच्या बीनाला गुडघ्यांचं तेल सुचवत होती.
पुढे काय, यावर डॉक्टर
पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.

निरोप हा शब्द मी रय्याला सांगू पाहिला:
आमच्याकडे निरोप धाडतात तोही निरोप,
आणि वेशीपर्यंत जाऊन देतात तोही निरोपच.
तिच्या अरबीत त्याचे दोन झाले, रिसाला आणि वदा,
आणि मधली गंमत सांडून गेली.

परभणी सोडून मला अकरा वर्षं झाली.
कृत्तिका पुण्यात, हॉस्टेलवर.
मी ड्यूटी संपली की लिहिते: उठलीस का,
डब्याला वास येतोय का बघ, स्कूटीचा विमा संपतोय,
रात्री केस धुऊ नकोस.
आधी पूर्ण वाक्यं यायची.
मग "हो आई". मग "हो".
गेल्या महिन्यापासून नुसतं "ह".
किती राग यायचा मला, आणि कुणाला,
जी दिवसभर भिंगाखाली बघत असते
की आईचा आवाज वेळेवर कमी होतोय ना.

आज चार ओळी लिहिल्या,
मग शेवटाकडून एकेक अक्षर पुसत आले.
"जेवलीस?" एवढं उरलं.
तेही पाठवलं नाही लगेच.
(खोटं कशाला बोलू, दहा मिनिटांनी पाठवलंच.)

शेजारच्या बशीत दुसऱ्या कुणाचं तरी
सात पेशींवर पोचलंय, वेडंवाकडं, पण पोचलंय.
मी तशी नोंद केली.

खिडकीतून पार्किंग दिसतं.
रय्याची आई पट्टा लावताना बोलतेय,
काच वर करताना बोलतेय, बोट नाचवून आरशाकडे दाखवतेय.
रय्या प्रत्येक वाक्याला मान हलवते,
ऐवा, ऐवा म्हणत असावी,
आणि एका हाताने स्टिअरिंग फिरवत
गाडी मागे घेते, हळू,
भिंतीला न लावता.