कमाल आठ

लॅपटॉपच्या पोटावरचं लेबल कधीच झिजलंय,
पण माहितीपुस्तिकेच्या चौदाव्या पानावर
अजून ठणकावून लिहिलंय:
रॅम, कमाल आठ.

आठात माझं कापड मावत नाही.

बाराशे उभे धागे, तेवढेच आडवे,
गिरणीवाल्यांना कोटाचं डिझाइन शुक्रवारी हवं
आणि फाइल उघडली की पंखा घरघरतो,
बाण जागच्या जागी थिजतो.
हडर्सफील्डमध्ये चारलाच अंधार पडतो,
मी चहा टाकायला उठते, परत येते,
बाण तिथेच.

शोरूममधला पोरगा म्हणाला, नवा घ्या.
नवा पापडासारखा पातळ.
उघडून दाखव म्हटलं तर हसला.
त्यातली रॅम बोर्डालाच झाळलेली,
जन्मताना जेवढी, मरेपर्यंत तेवढी.
मला पटेना.
इचलकरंजीत आमच्या शेडमध्ये
माग कधी कुणी भंगारात दिला नाही.
धोटा बदलला, पिकर बदलला, मग मोटर,
बाबा तरी म्हणायचे, हा तोच माग.

म्हणून शोधत बसले.
पहिली पट्टी आली ती हातभर लांब,
टेबलावरच्या मशीनची.
दुसरीची खाच दोन मिलिमीटर सरकलेली,
पिढी चुकली होती.
पिढी चुकली की बसत नाही, जोर लावायचा नसतो,
हे मला लेकीच्या बाबतीत आधी कळलं असतं
तर
असो.
तिसरी डंडीहून आली, एकटीच.
जोडीची पाठवा, मी कळवलं.
ती कालच विकली, त्यानं कळवलं.

मंगळवारच्या बाजारात, पत्र्याखाली,
किल्ल्या घडवून देणाऱ्या सायक्सनं
बिस्किटांचा डबा उघडला.
आत मेलेल्या लॅपटॉपांच्या पट्ट्या,
एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली,
शेंगदाण्याच्या पुड्या जशा.
आठ-आठच्या दोन निघाल्या,
कमी व्होल्टेजच्या, एकाच कारखान्याच्या.
मी पुस्तिका पुढे केली, बोट ठेवलं: कमाल आठ.
सायक्सनं चष्मा कपाळावर चढवला.
"हे छापलं तेव्हा, बाई,
आठाची पट्टी बाजारात आलीच नव्हती.
होतं त्याची बेरीज केली
आणि खाली कमाल लिहून टाकलं.
मशीनला कुणी विचारलंय?"

चौदा पौंड सांगितले, बारा घेतले.

रेडिएटरला हात लावून अंगातली वीज उतरवली,
अकरा स्क्रू बशीत मोजून ठेवले.
बटण दाबलं. काळा पडदा. तीनदा टुक.
परत उघडलं.
लेकीच्या जुन्या कंपासपेटीत खोडरबर सापडला,
पट्टीचे सोनेरी दात घासले हळूहळू,
शाळेत चुकलेलं गणित घासायचे तसे.
पुन्हा बसवली, तिरकी, मग दाबून.
खट्.

रॅमला आठवण म्हणतात ते मला कधीच रुचलं नाही.
आठवण कसली, वीज गेली की कोरी पाटी.
रॅम म्हणजे ओटा.
फडताळात भरा किती भरायचं ते,
पण ओटा वीतभर असला
तर पुरण वाटताना कणीक ठेवाल कुठे?

पडद्यावर सोळा उमटलं.
मी चौदाव्या पानावर आठ खोडला,
पेन्सिलीनं सोळा लिहिले,
आणि पुढे एक प्रश्नचिन्ह, सायक्ससाठी.

मग फाइल उघडली.
पहिल्यांदाच कापड अख्खं दिसलं,
काठापासून काठापर्यंत, एका नजरेत,
पंखा गप्प.
नऊशे अकराव्या धाग्यावर चूक होती.
महिनाभर तिथेच होती,
मी तुकड्या-तुकड्यानं बघत होते म्हणून दिसली नाही.
चूक माझीच.
खुर्ची पुढे ओढली.