नंबर चारशे सतरा

पाकीट फोडलं तेव्हा शिरोलीत वीज गेली होती.
चंदेरी पिशवीत हिरव्या गोळ्या,
कोंबड्यांच्या खाद्यासारख्या,
वर चिठ्ठी : नाव नाही, नुसता नंबर.
चारशे सतरा.
मगदूमकाका म्हणाले, असू दे की,
आमच्या उसालाबी नंबरच हाय, शहाऐंशी शून्य बत्तीस.
गोड यायचं थांबलंय का त्याचं?

चाळीस वर्षं शाहूपुरीच्या गूळ-अड्ड्यात
बाळगोंडा मगदूम यांनी ढेप फोडून नाकाशी धरली.
कुठल्या काहिलीत भेंडी कमी पडली,
कुणी रंगासाठी काय मिसळलं,
सौद्याआधी त्यांच्या नाकपुडीला कळायचं.
बिअरचा थेंब त्यांनी घेतलेला नाही, घेणार नाहीत.
प्यायचं नाहीच काका, मी म्हणाले, फक्त वास.
वासाला पाप असतं का, ते मुनिमहाराजांना विचारून सांगतो, म्हणाले.
तिसऱ्या दिवशी आपणच आले, धुतलेला रुमाल घेऊन.

तळहातावर चार गोळ्या, थेंबभर कोमट पाणी.
चोळा, हात तापेपर्यंत.
पिवळी चिकट भुकटी हातांच्या रेषांत भरली.
माझ्यापुढे कंपनीचा तक्ता,
त्यात पॅशनफ्रूट, लिची, गूजबेरी,
यातलं निम्मं मी विमानतळावरच्या दुकानात पाहिलेलं
आणि चाखलेलं काहीच नाही.
काकांनी डोळे मिटले.
पपनस, म्हणाले. सोलताना डोळ्यात उडतंय ते.
मग पेरू, फ्रिजमधला न्हवे, पोत्यातला.
मग बराच वेळ काही नाही.
मग, आळू.
वडीची पानं?
न्हाई ओ, फळ. गगनबावड्याच्या बाया टोपलीतनं आणत्यात,
पिकलं की तपकिरी, मऊ, बोट लावलं की फुटतंय.
तक्त्यात आळू नव्हतं.
मी 'इतर'समोरच्या रेघेवर लिहिलं, रेघ अपुरी पडली.

उकळीत टाकलं ते सगळं उडून गेलं :
छताच्या पत्र्याला फळांचा वास, बिअरला नुसता कडूपणा.
म्हणून दुसरी टाकी. आंबणं संपत आल्यावर,
थंड करून, लिटरला चार ग्रॅम.
झाकण दयानंद पोवारनं उघडलं,
टाकी त्यानंच उद्यमनगरात वेल्ड केलेली,
त्याला सगळ्यातच स्टील लागतं,
त्याचं मत मी अर्धं धरते.

दुसऱ्या दिवशी पपनस पुढे, आंबा मागे.
चौथ्या दिवशी खोलीत शिरतानाच तोंडाला पाणी.
पन्नास किलोची ऑर्डर मी टाइप करून ठेवली.

सातव्या दिवशी तीन ग्लास, झाकलेले,
दोन चौथ्या दिवसाचे, एक ताजा काढलेला,
कुठला कुठला ते मलाही ठाऊक नव्हतं.
पोवार म्हणाला, तिन्ही भारी.
मलाही तिन्ही भारी.
काकांनी मधल्यावरची बशी उचलली
आणि लगेच परत ठेवली,
परक्या घरात चुकून न्हाणीचं दार उघडावं तशी.

कांदा, म्हणाले.

तीन पिढ्या कांदा न चिरलेल्या घरातलं नाक.
आंबा हाय, खोटं कशाला बोलू,
पर कांद्याच्या पोत्याशेजारी रातभर ठेवलेला.

मी वास घेतला. नव्हता.
पुन्हा घेतला. नव्हता.
मग एकदा आला, आणि त्यानंतर गेलाच नाही.

ऑर्डर पुसली नाही. पन्नासमधलं शून्य खोडलं,
शेजारी लिहिलं : चौथ्या दिवशी काढणे.
वेल उशिरा तोडली असेल, किंवा दोष आमच्या टाकीचा,
किंवा या गावचा, जिथं दुपारी बाराला
खिडक्याखिडक्यांतून कांदालसूण मसाला रस्त्यावर येतो.

तुमचं किती द्यायचं, काका?
त्यांनी हात पुढे केले. हे धुवायचं कसं, ते सांगा आधी.
साबणानं जात नाही, मी म्हणाले. खोबरेल लावा.

बाटली आणायला आत गेले, तोवर ते निघालेही होते.
फाटकातून दिसली ती त्यांची लुना, पंचगंगेच्या पुलाकडे वळलेली,
उजवा हात हँडलवर,
डावा नाकाशी.