मागचा डावा

दर मंगळवारी व्होरूच्या बाजारात दहा डझन अंडी नेते मी.
मार्चात तीन फुटली. मी कोंबड्यांना दोष दिला,
कवच पातळ झालंय म्हणून खाद्यात शिंपल्यांचा चुरा वाढवला.
एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सात.
सातही मागच्या डाव्या खोक्यातली.
तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला
की कोंबड्या काही गाडीची बाजू बघून अंडी घालत नाहीत.

बर्फ वितळला की आमच्या दक्षिण एस्टोनियात रस्ते खालून सुटतात.
खडीचा रस्ता धुण्याच्या पाट्यासारखा वळ्यावळ्यांचा,
आणि माझी व्होल्वो, तीन लाख किलोमीटर चाललेली,
एका खड्ड्याबद्दल
पुढचा अर्धा किलोमीटर मान हलवत राहायची.

कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून सगळा भार दिला, सोडला.
पुढचा उजवा: वर आला, थांबला.
पुढचा डावा: तसाच.
मागचा उजवा: वर, किंचित खाली, थांबला.
मागचा डावा
वर खाली वर खाली वर
आणि मी मागे सरून हात पुसले तरी
अजून थोडा खाली.

वाकून टॉर्च मारला.
नळकांड्यावर तेल, तेलावर रस्त्याची धूळ,
बोट फिरवलं तर काळं लोणी.
स्प्रिंग धडधाकट होती. तिचं काय जातंय.
तिला एवढंच येतं, दाबलं की उसळायचं,
उसळलं की परत उसळायचं.
तिला पुरे म्हणणारा शेजारी
आतून कोरडा पडला होता.

दुकानदार म्हणाला, जोडीनं घ्या.
म्हटलं, उजवा बरा आहे.
बरा दिसतो, तो म्हणाला,
एकाच रस्त्यावर चाललेत ना दोघं?
मी पैसे मोजले. अंड्यांच्या हिशेबात पस्तीस डझन.

पुढच्या चाकांना विटा लावल्या, जॅक चढवला, खाली स्टँड दिले.
खालच्या बोल्टला तेल पाजून रात्रभर सोडलं.
सकाळी पाना लावला आणि त्यावर उभी राहिले.
त्रेपन्न वर्षांची बाई, ऐंशी किलो, पान्यावर,
बोल्ट ढिम्म.

लांब पाइप गावात एकाच घरी होता.
तार्मोकडे.
तार्मो माझा भाऊ. बर्चची राई विकल्यापासून
सहा वर्षं आमची बोलाचाली नाही.
म्हणजे बोललोय. मयताला, दोनदा.

फाटकाशी उभी राहून म्हटलं, बोल्ट हलत नाही.
कुठला?
मागचा डावा.
तो पाइप घेऊन निघाला, टोपीसाठीही थांबला नाही.

पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला, दोघांनी एकदम जोर केला.
बंदुकीसारखा आवाज झाला.
विजेच्या खांबावरचा करकोचा उठला, परत बसला.
वाटलं मोडला.
मोडला नव्हता, सुटला होता.

नवा शॉक उभा धरून तार्मोने चारदा दाबला.
आतली हवा निघू दे, म्हणाला.
दर वेळी तो सावकाश वर आला,
कुठे जायची घाई नसलेल्या माणसासारखा.

बोल्ट घातले. मी आवळायला गेले तर म्हणाला,
आत्ता नको, नुसते अडकव.
गाडी आपल्या चाकांवर उभी राहू दे,
तिचं वजन तिच्यावर येऊ दे, मग शेवटचं आवळ.
लोंबकळताना आवळलेलं रबर पिळलेलंच राहतं,
लवकर फाटतं.

मला राई आठवली.
बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते
आणि आम्ही वकिलाकडे सह्या करत होतो.
त्यालाही आठवलं असेल.
तो पाना शोधत होता, जो त्याच्याच हातात होता.

गाडी उतरवली. चिखलात गुडघे टेकून मी शेवटचं आवळलं.
त्याने मागच्या डाव्यावर भार दिला, सोडला.
वर. थांबली.
तो पुन्हा दाबून बघत राहिला, गरज नव्हती तरी.

उजवा राहिलाय, मी म्हटलं.
उद्या, तो म्हणाला. पाइप इथेच असू दे.

तडा गेलेली आठ अंडी कागदात गुंडाळून दिली त्याला.
चालत जाणार होता.