तिसरा शनिवार, दुपारी चार, मराठीतून

इंग्रजीतला फेरफटका अकराला असतो.
त्याला माणसं येतात, खुर्च्या कमी पडतात.
मराठीतला चारला.
नावं नोंदवलेली नऊ, आलेले तीन:
कॉटन ग्रीनची एक आर्किटेक्चरची मुलगी, तिला हजेरीचं पत्र हवंय,
तिची मावशी, तिला बसायला हवंय,
आणि पांढऱ्या बुशशर्टातले एक गृहस्थ,
खिशात चष्म्याचं घर, यादीत नाव नाही.
"खाली पाटी वाचली," म्हणाले, "प्रवेश विनामूल्य."

मी सुरू करते.
ही इमारत पूर्वी जहाज कंपनीचं गोदाम होती.
हे वाक्य मला आवडतं,
त्यातलं काही समजावून द्यावं लागत नाही.
मग समकालीन, मग मांडणशिल्प, मग अवकाश.
अवकाश म्हटलं की मावशी वर छताकडे बघते.
दर महिन्याला कुणीतरी बघतंच.
घरी आरशासमोर मी शब्द बदलून पाहिलेत:
जागा. पोकळी. ऐसपैस. रिकामं.
अर्नाज मॅडम म्हणतात, कॅटलॉगमध्ये आहे तोच ठेव.

दुसऱ्या दालनात पाइप आहेत.
बिडाचे, गंजलेले, जमिनीपासून खांद्यापर्यंत रचलेले,
भिंतीला वळसा घालून एका व्हॉल्व्हपाशी थांबलेले.
शीर्षक: शीर्षकहीन.
मी पाठ केलेलं म्हणते:
शहराच्या देहातल्या नसा, अभावाचं राजकारण, स्मृतीवर चढलेला

"बाई, हा उलटा बसवलाय."

कोण?
"व्हॉल्व्ह. नॉन-रिटर्न आहे हा,
एकाच बाजूनं पाणी सोडतो. अंगावरचा बाण बघा ना.
असा बसवलात तर अख्खी गल्ली कोरडी."

दोन वर्षं मी या बाणासमोर उभी आहे.
पहिल्यांदा बघितला.

केणी. पाणी खातं, एफ दक्षिण,
चौतीस वर्षं चावीवाला.
मुलगी म्हणाली, आमच्याकडे पहाटे साडेचारला येतं.
"ते मीच सोडायचो."
मावशी उठली. "पाच मिनिटं उशीरच व्हायचा."
"व्हायचा," केणी म्हणाले, "पण गणपतीत अर्धा तास जास्त.
वहीत लिहीत नव्हतो."

मग आम्ही पुढच्या दालनात गेलोच नाही.
रात्री दोनला रस्ता झोपला की
लोखंडी कांब डांबरावर टेकवायची,
दुसरं टोक कानाला.
गटार बडबडतं. ड्रेनेज घोरतं.
गळती मात्र दात आवळून शीळ घालते,
ती एकदा ओळखली की मग घरात कुकर लावला तरी दचकायला होतं.
बायको हसायची.

ते कान लावायला वाकले.
फरशीवर पिवळी पट्टी आहे, रखवालदार सावंत खाकरला,
मी म्हटलं, काका, हात नका लावू.
त्यांनी हात मागे बांधले, देवळात बांधतात तसे,
आणि पट्टीवरूनच वाकले.
शेजारी मुलगी. मावशी, गुडघा धरून.
मग मीही.
सावंत बघत होता, मग बघेनासा झाला.

बराच वेळ.

"एसीचा कॉम्प्रेसर," केणी म्हणाले.
"पाइप पण नंबरी आहे हो. शंभर वर्षं काही झालं नसतं त्याला."

अभिप्रायाच्या कागदावर छापलंय: आज आपण काय शिकलात?
मुलीनं पानभर लिहिलं.
मावशीनं: खुर्च्या ठेवाव्यात.
केणींनी प्रश्न खोडला नाही, वाचलाही नसावा,
खाली व्हॉल्व्हची आकृती काढली, बाण, दोन बोल्ट,
आणि आपला नंबर:
दुरुस्तीला लागलो तर कळवणे. पाना माझा आणीन.

अर्नाज मॅडमनी कागद स्कॅन करून कलाकाराला धाडला.
तो हल्ली परदेशात असतो.
उत्तर एका ओळीचं आलं:
आभारी आहे, आता तो मुद्दाम उलटा आहे.

मॅडम खूश. पुढच्या पाटीवर घालू म्हणाल्या.
आणि मी तीन दिवस आरशासमोर,
केणींचा नंबर लावायच्या आधी,
"मुद्दाम" हा शब्द
मोठ्यानं, हळू, हसत, न हसता
म्हणून बघतेय.